वॉटरक्रेस, ओला कोपरा आणि वाहतं पाणी : प्रकल्प नोंदी

२१ सप्टेंबर : जागा

बागेच्या मागच्या कोपऱ्यात बारा महिने ओल असते. वरच्या अंगाला उतार आहे. तिथून पाणी झिरपत येतं आणि कुंपणाच्या पायथ्याशी जमिनीबाहेर पडतं. आजवर तिथे जे लावलं ते मुळं सडून गेलं. पाण्याशी भांडत बसण्यापेक्षा पाण्यातच वाढणारं काही लावावं, म्हणून वॉटरक्रेस. मोहरीच्या कुळातली पाणवनस्पती आहे, पानाला झणका मोहरीचाच, वाढही झपाट्याची. शास्त्रीय नाव नॅस्टर्शियम ऑफिसिनाले. बागेत फुलांसाठी लावतात ते नॅस्टर्शियम वेगळं, त्याचं कूळही वेगळं. बी मागवताना एवढं लक्षात असू द्या.

आज फक्त तपासणी. कोपरभर खोल खड्डा खणला. वरचा वीतभर थर काळा, त्याखाली निळसर करडी चिकणमाती आणि तिच्यात गंजाच्या रेघा. वास सडक्या अंड्याचा. खड्ड्यात पाणी साचलं आणि त्यावर इंद्रधनुषी तवंग आला. कुणी तेल ओतलंय की काय, म्हणून काडीने ढवळून पाहिलं. तेलाचा तवंग काडी पुढे गेली की मागे पुन्हा जुळून येतो. हा तडकला आणि त्याचे कोनेदार तुकडे सुटे तरंगत राहिले. म्हणजे तेल नाही, लोहावर जगणारे जिवाणू. घाबरण्यासारखं काही नाही. पण निळी माती, गंजाच्या रेघा आणि हा वास या तिन्हींचा अर्थ एकच : खाली हवा पोचत नाही.

पाझर जिथे ठळक आहे तिथे पत्र्याची छोटी पन्हळ मातीत खोचली आणि खाली लिटरचा मग धरला. पाऊण मिनिटात भरला. तासाला ८० लिटर. नळाच्या मानाने काहीच नाही, पण रात्रंदिवस चालू आहे आणि हाताला चांगलं गार लागतं.

आता न आवडणारा भाग. कुंपणाबाहेर जाऊन उताराच्या वर काय आहे ते पाहिलं. गवताळ पडीक जागा आणि जनावरांच्या पायवाटा. वॉटरक्रेसच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. गुरामेंढरांच्या यकृतात राहणारा एक चपटा कृमी असतो, लिव्हर फ्लूक. त्याची अंडी शेणातून पाण्यात जातात, पिल्लं एका छोट्या पाणगोगलगायीत वाढतात आणि तिच्यातून बाहेर पडून पाण्यातल्या झाडांच्या पानांवर कोष करून चिकटतात. ते पान कच्चं खाल्लं की कृमी माणसाच्या यकृतात. हे कोष धुऊन खात्रीने निघत नाहीत, मिठाच्या पाण्यानेही नाही. शिजवल्यावर मात्र मरतात.

म्हणून सुरुवातीलाच ठरवून टाकलं : झऱ्याच्या पाण्यावर जे येईल ते शिजवूनच खायचं. कच्चं खायचं असेल त्यासाठी वेगळा टब, पिण्याच्या पाण्यावर. ज्यांच्या वरच्या बाजूला शोषखड्डा किंवा सांडपाण्याचा चर आहे त्यांनी झऱ्याचं पाणी खाण्याच्या झाडांना वापरूच नये.

२४ सप्टेंबर : बी

पाकिटावर नाव वॉटरक्रेस, चित्रही बरोबर. आतलं बी मात्र लालसर, लांबुडकं, तिळाएवढं. शंका आली म्हणून चार दाणे ओल्या कागदावर टाकले. अर्ध्या तासात प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक बुळबुळीत गोळा. हे तर अळीव! कूळ तेच, पण झाड जमिनीवरचं. पाण्यात टिकणार नाही.

वॉटरक्रेसचं बी जेमतेम एक मिलिमीटरचं, गोलसर, तपकिरी, आणि भिंगाखाली धरलं तर त्यावर जाळीची नक्षी दिसते. भिजवल्यावर बुळबुळीत होत नाही. पाकीट फोडल्याबरोबर ही कागदाची चाचणी करा. अळीव पेरून उगवण्याची वाट पाहण्यात आठवडे जातात आणि उगवतं ते भलतंच.

दुसरीकडून बी मागवलंय. तोवर काड्यांची वाट धरावी म्हणतेय.

५ ऑक्टोबर : ट्रे आणि काड्या

बी आलं, या खेपेला बरोबर. उथळ ट्रेमध्ये बारीक चाळलेलं कंपोस्ट आणि वाळू निम्मी-निम्मी, ती नीट भिजवून वर बी भुरभुरलं. वरून माती टाकली नाही, कारण या बियाला उगवायला उजेड लागतो. ट्रे दुसऱ्या मोठ्या ट्रेमध्ये, बोटभर पाण्यात ठेवला, म्हणजे ओल खालून चढत राहते. वरून झारीने पाणी घातलं तर एवढंसं बी एका कोपऱ्यात वाहून जातं.

काड्यांचं काम याहून सोपं. ताज्या जुडीतल्या जाड, रसरशीत काड्या निवडल्या. पेरापाशी पांढरे टोक फुटलेले दिसत असतील तर उत्तम. पेराच्या जरा खाली कापून, खालची पानं काढून ग्लासभर पाण्यात ठेवल्या, उन्हात नाही. आठवड्याच्या आत पेरातून पांढऱ्या मुळांचे झुबके. पाणी रोज बदललं त्या ग्लासातल्या सगळ्या काड्या लागल्या. खिडकीतला एक ग्लास तसाच राहून गेला, त्यातल्या काड्यांचे बुंधे तपकिरी, मऊ. पाण्यात राहणारं झाड असलं तरी शिळं पाणी त्याला चालत नाही. पुढे काय होणार होतं त्याची चुणूक इथेच मिळाली होती.

१९ ऑक्टोबर : चिखलात लावणी

मुळं फुटलेल्या निम्म्या काड्या कोपऱ्यातल्या चिखलात थेट लावल्या. जमीन ओली, पाणी वर दिसतंय, मग वाफा कशाला? बाकीच्या काड्या टबात, धुतलेल्या खडीच्या कुंड्यांमध्ये.

बीही उगवलंय, पण ट्रेवर काच झाकून ठेवली होती त्या अर्ध्या भागातली रोपं बुंध्याशी करपून आडवी पडली. बुरशी. काच काढली, बाकीची वाचली.

२ नोव्हेंबर : चिखलाचा निकाल

चिखलातली लावणी संपल्यात जमा आहे. आधी खालची पानं पिवळी, मग शेंडे थिजल्यासारखे. एक काडी उपटून पाहिली. ग्लासात फुटलेली पांढरी मुळं तपकिरी झालीत, चिमटीत धरली की साल सुटून येते आणि आत धाग्यासारखी शीर उरते. वास तोच, अंड्याचा. टबातल्या काड्या मात्र हिरव्यागार. हवामान तेच, काड्या त्याच जुडीतल्या.

वॉटरक्रेसला ओल लागते हे अर्धं खरं आहे. त्याला लागतं ते हलतं, गार, हवा मिसळलेलं पाणी. निसर्गात ते झऱ्याच्या मुखाशी आणि ओढ्याच्या उथळ कडेला वाढतं, दलदलीच्या मधोमध नाही. साचलेल्या चिखलात जिवाणू सगळा प्राणवायू संपवतात आणि मुळं गुदमरतात. कोपऱ्यातला चिखल उपयोगाचा नाही, त्याच्या वरून झिरपणारं पाणी उपयोगाचं आहे. ते पाणी चिखलापासून वेगळं काढून खडीवरून वाहतं ठेवायला हवं.

इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशायर आणि डॉर्सेटकडे वॉटरक्रेसची शेती याच तत्त्वावर चालते. खडूच्या खडकातून वर येणारं पाणी वर्षभर १०-११ अंशांचं, आणि वाफे उथळ, खडीचे, किंचित उताराचे. तिथे या पिकाची व्यापारी लागवड १८०८ मध्ये केंटमधल्या स्प्रिंगहेडला विल्यम ब्रॅडबेरीने सुरू केली, तीही झऱ्याच्या पाण्यावरच. आपण तीच रचना छोट्या मापात करायची.

८ नोव्हेंबर : पाट

माप : लांबी ३ मीटर, रुंदी ६० सेंटीमीटर. तीन मीटरला तीन सेंटीमीटर उतार. याहून जास्त दिला तर पाणी तळाशी पळतं आणि वरचं टोक कोरडं पडतं. कमी दिला तर साचतं. उतार डोळ्याने ठरवू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी काढली. गवंडी वापरतात तीच लेव्हलची नळी.

क्रम असा : चर खणला, तळ ठोकून घेतला, टोकदार दगड आणि मुळं वेचली, जुन्या पोत्यांचा थर, त्यावर तळ्याला वापरतात तो जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर ६ सेंटीमीटर खडी. हिशोब सांगते, कारण खडी कमी पडली की काम अडतं : ३ गुणिले ०.६ गुणिले ०.०६, म्हणजे साधारण १०८ लिटर. वजन १७० किलोच्या आसपास. वाटाण्याएवढी गोल खडी घ्यावी. भुकटी मिसळलेली फुटकी खडी घेतली तर कागदाला भोकं पडतात आणि पाणी गढूळ राहतं.

या सगळ्या कामात वेळ खाल्ला तो खडी धुण्याने. बादलीत खडी, वरून पाणी, हाताने घुसळायची, ओतायची, पुन्हा भरायची. पाणी नितळ येईपर्यंत. कंटाळून शेवटच्या तीन बादल्या तशाच टाकल्या, तर त्यांचा गाळ खालच्या टोकाला जाऊन बसला. तेवढी खडी पुन्हा उपसून धुवावी लागली आणि दुपार त्यातच गेली. खर्चाचं म्हणाल तर कागद आणि खडी, बाकी सगळं घरातलं.

वरच्या टोकाला झऱ्याचं पाणी पन्हळीतून पाटात सोडलं, एक वीत उंचीवरून. पडताना ते हवा मिसळून घेतं. खालच्या टोकाला आडवी फळी, तिच्या वरून पाणी सांडतं. पाण्याची खोली वर अडीच आणि खाली साडेपाच सेंटीमीटर. खडीच्या वरचं आणि खडीच्या फटींमधलं धरून पाटात सव्वाशे लिटरच्या आत पाणी मावतं, म्हणजे तासाला ८० लिटरच्या धारेने ते दीडेक तासात बदलतं. एवढं पुरेसं आहे.

१० नोव्हेंबर : पाऊस

रात्री पाऊस झाला आणि सकाळी पाटात चॉकलेटी पाणी. कागदाच्या कडा जमिनीच्या पातळीला होत्या, त्यामुळे आजूबाजूचा चिखल सरळ आत. कडा उचलून खाली विटा आडव्या सरकवल्या. आता काठ जमिनीपासून सहा-सात सेंटीमीटर वर आहे. सुरुवातीलाच असं करायचं.

उजेडात आणखी एक दोष दिसला. पाणी पाटाच्या डाव्या बाजूने पळतंय, उजव्या बाजूला हालचाल नाही. लांबीचा उतार नळीने काढला, रुंदीची पातळी बघायची राहिली. खडी सारखी केली तरी धार हट्टाने डावीकडेच. शेवटी दोन ठिकाणी विटांचे अर्धे बांध घातले, एक डावीकडून, एक उजवीकडून. आता पाणी नागमोडी जातं आणि सगळी खडी ओली राहते. सुकलेलं पान टाकून पाहिलं : वरून सोडलं की दोन्ही बांधांना वळसा घालून खाली येतं, कुठे अडत नाही.

१६ नोव्हेंबर : दुसरी लावणी

पाणी नितळ. पीएच पट्टीवर ७च्या जरा वर, म्हणजे हवं तसं. तापमान १४ अंश.

टबातल्या झाडांच्या काड्या आणि ट्रेमधली रोपं मिळून लावणी केली. साधारण वीतभर अंतर. काडी आडवी ठेवून दोन पेरं खडीखाली दाबायची आणि वर गोटा. उभी खोचली तर धार तिला उपटून फळीपाशी नेऊन ठेवते. पोकळ खोड आहे, तरंगणारच.

४ डिसेंबर : भूक

मुळं धरली, शेंडे वर आले, पण रंग फिका. खालची पानं आधी पिवळी. टबातली झाडं मात्र गडद, कारण त्यांच्या कुंड्यांत तळाला कंपोस्ट आहे. पाणी सारखं गार, उजेड सारखा, मग फरक खाण्याचाच. धुतलेली खडी आणि जमिनीतून गाळून येणारं पाणी यांत पोषण किती असणार? व्यापारी वाफ्यांतही खत द्यावंच लागतं, विशेषतः फॉस्फेट.

चांगलं कुजलेलं कंपोस्ट कापडी पिशवीत भरून पन्हळीखाली ठेवलं. चांगली मोठी पिशवी. ताजं शेण मुद्दाम टाळलं, कारण वर सांगितलेल्या कृमीची अंडी शेणातूनच येतात.

१३ डिसेंबर : शेवाळ

मोठी पिशवी नडली. पाणी चहाच्या रंगाचं, खडीवर हिरव्या केसांसारखं शेवाळ आणि ते कोवळ्या शेंड्यांना गुंडाळून खाली ओढतंय. पिशवी काढली. काठीच्या टोकाला खडबडीत कापड बांधून शेवाळ गुंडाळून काढलं, हाताने उपटताना झाडंही येतात. मोकळ्या खडीवर शेडनेटचे तुकडे अंथरले. पानांनी खडी झाकली की शेवाळाला ऊन मिळत नाही आणि ते आपोआप मागे पडतं. तोवर नेट.

आता दोन मुठी कंपोस्ट, लहान पिशवीत, आठवड्यातून दोन दिवस पाण्यात, बाकी दिवस बाहेर. पाटातून निघणारं पाणी सरळ गटारात न सोडता केळीच्या आळ्यात वळवलं. खताचा अंश पुढच्या ओढ्यात गेला तर तिथेही शेवाळच होणार.

२८ डिसेंबर : पहिली कापणी

रंग परतला. पाटाचा दोन तृतीयांश भाग झाकला गेला. शेंडे पाण्याबाहेर वीतभर उंच, एकेक पान छोट्या पर्णांचं बनलेलं, त्यात टोकाचं पर्ण सर्वांत मोठं आणि गोलसर, बाजूला जोड्यांनी लहान पर्णं.

कापायचं कात्रीनेच, खाली दोन-तीन पेरं ठेवून. ओढून तोडलं की अख्खी वेल खडीतून सुटते. राहिलेल्या प्रत्येक पेरातून बाजूचे फुटवे येतात, त्यामुळे कापणीने वाफा दाट होतो. सगळं एकदम कापलं नाही, एका टोकापासून थोडं थोडं.

टबातलं कच्चं चाखलं. पहिले दोन घास नुसतं हिरवं पान, आणि मग झणका नाकात. हा तिखटपणा पानात तयार नसतो. चावताना पेशी फुटल्या की आतला एक पदार्थ आणि एक विकर (एन्झाइम) एकत्र येतात, तेव्हा तो तयार होतो. म्हणून पाटातलं शिजवलं की चव मवाळ लागते, उष्णतेने विकर निकामी होतं. आधी चिरून थोडा वेळ ठेवलं आणि मग विस्तवावर टाकलं तर झणका बऱ्यापैकी राहतो.

कापलेली जुडी उघड्यावर लवकर मलूल होते. काड्या पाण्यात उभ्या करून, वरून सैल पिशवी घालून थंड जागी ठेवा.

१७ जानेवारी : टबात डास

थंडीतही टबात डासांच्या अळ्या. पाटात एकही नाही, वाहत्या पाण्यात त्यांना थारा नसतो. टबातली सगळी मोकळी जागा खडीने भरली, पाण्याच्या पातळीच्या बोटभर वर येईल एवढी. उघडं पाणीच राहिलं नाही. शिवाय मत्स्यालयाचा छोटा हवेचा पंप लावला, तळातून बुडबुडे येत राहतात. दोन दिवसांआड अर्धं पाणी बदलते. मुळं पांढरी आहेत, तेवढं पुरे.

९ फेब्रुवारी : पानांना भोकं

पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं, हात लावला की काळे चकचकीत किडे टुणकन उडतात. पिसू भुंगेरे. शिवाय शेंड्यांवर मावा आणि दोन-चार हिरव्या अळ्या, कोबीवर येतात त्या. मोहरीच्या कुळाचे सगळे पाहुणे इथेही येतात.

औषध फवारायचा प्रश्नच नाही. पाणी पुढे जातं आणि पान पोटात. इथे पाटाचा फायदा. खालच्या फळीवर आणखी एक फळी लावली, पातळी चढू दिली आणि वरून जाळी ठेवून झाडं पाण्याखाली दाबून धरली. भुंगेरे आणि मावा सुटून वर तरंगले, ते गाळणीने काढले. वरची फळी काढली की पातळी पुन्हा खाली. झाडांना काही होत नाही, पाण्यातलीच आहेत. व्यापारी वाफ्यांतही पूर्वी किडीसाठी वाफा असाच बुडवत असत. एकदा करून भागत नाही, दर कापणीनंतर करावं लागतं. अळ्या मात्र पानाला घट्ट धरून राहतात, त्या हाताने वेचल्या.

तासाला ८० लिटरच्या धारेने पातळी चढायला फार वेळ लागला. आता आदल्या रात्रीच वरची फळी लावून ठेवते.

२१ फेब्रुवारी : आगंतुक

ही नोंद कापणी करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. पाटाच्या वरच्या टोकाला, वॉटरक्रेसच्या गर्दीत, एक वेगळं झाड. लांबून तसंच : पाण्यात पाय, जोड्यांची पर्णं, पोकळ खोड. हातात घेतलं तर पर्णांच्या कडा करवतीसारख्या दातेरी. वॉटरक्रेसची कड जवळजवळ सरळ असते, फार तर थोडी लहरी. देठाचा बुंधा खोडाला म्यानासारखा गुंडाळलेला, वॉटरक्रेसला असं म्यान नसतं. पान चुरगळलं तर मोहरीचा झणका नाही, कोथिंबीर-गाजराच्या वळणाचा वास.

म्हणजे गाजराच्या कुळातलं. या कुळात पाण्याकाठी वाढणाऱ्या काही जाती जीवघेण्या विषारी आहेत, एखादा तुकडाही पुरतो. नेमकी कोणती जात, हे शोधत बसले नाही. हातमोजे घालून मुळासकट काढलं, कचऱ्यात टाकलं, तिथली हातभर कापणी फेकून दिली. आता जुडी बांधण्याआधी एकेक काडी बघते. वेळ जातो. जाऊ दे.

१४ मार्च : झरा मंदावला

मग भरायला आता तीन मिनिटं लागतात, तासाला २० लिटर. पाटाचं पाणी दुपारी २३ अंशांवर. शेंडे लांब, पानं बारीक, चव उग्र.

छोटा बुडता पंप आणला, १० वॅटचा. खालच्या फळीपलीकडे बादली ठेवून तिच्यातून पाणी पुन्हा वर. दिवसरात्र चालवला तरी पाव युनिटहून कमी वीज. पाणी वाहू लागलं, पण दुसऱ्या दुपारी तापमान २६! बादली उन्हात, नळी उन्हात आणि तेच तेच पाणी फिरतंय. वाहतं ठेवण्याच्या नादात पाणी तापवण्याची सोय झाली.

उपाय कोपऱ्यातच होता. निळ्या चिकणमातीत झाकणाचं पिंप गळ्यापर्यंत पुरलं. चिखलाखालची जमीन भर दुपारीही गार असते. बादलीच्या जागी हे पिंप आणि नळीवर माती. दुपारचं तापमान २०वर आलं. मुळांना मारणारा चिखल पाणी थंड ठेवायला उत्तम. पिंप पुरण्याचं काम मात्र दोघांशिवाय होत नाही. रिकामं पिंप ओल्या खड्ड्यात तरंगून वर येतं, म्हणून आत पाणी भरत भरतच माती लोटायची.

पंप दोनदा बंद पडला, खडीतली कच अडकून. तोंडाला स्पंजाचा तुकडा बांधला, आठवड्याला पिळून धुते.

१२ एप्रिल : फुलं

दिवस मोठे झाले आणि शेंड्यांना पांढरी चार पाकळ्यांची फुलं आली. शेडनेट बांधली होती तरी आलीच. सावलीने ऊन कमी होतं, दिवस लहान होत नाही. फुलं आल्यावर पान जून आणि कडवट होतं. कळ्या दिसताच शेंडे छाटले त्या भागात थोडे दिवस मिळाले, एवढंच.

एका टोकाला चार झाडं बियांसाठी ठेवली. शेंगा बारीक, किंचित वाकड्या. एक सोलून पाहिली, आत बिया दोन ओळींत. ऑफिसिनालेची हीच खूण. जवळच्या दुसऱ्या जातीत एकच ओळ असते. शेंगा वाळल्या की तडकतात, म्हणून तपकिरी होताच कागदी पिशवीत कापून घेतल्या.

१० मे : आवराआवर

पाटातलं पीक उपटून कंपोस्टात. पण ढिगावर ओलं टाकलेलं तिथेच मुळं धरू लागलं! आधी उन्हात कडकडीत वाळवा. एकेका पेरातून नवं झाड होतं, आणि हे झाड बाहेरच्या ओढ्यात गेलं तर पात्र भरून टाकतं. न्यूझीलंडमध्ये असं झालेलं आहे. सांडव्याला आजवर जाळी नव्हती. केळीच्या आळ्यात दोन काड्या वाहत येऊन रुजलेल्या सापडल्या, त्या काढल्या. पुढे काही गेलं नाही, आळ्याच्या पलीकडे सगळं कोरडं आहे.

टबातली सहा झाडं सावलीत हलवली, पुढच्या हंगामाच्या काड्यांसाठी. पिंप तसंच पुरलेलं ठेवलंय, झाकण घट्ट. पंप धुऊन, सुकवून आत. खडी एका बाजूला ओढून ठेवलीय. पुन्हा पसरताना आधी रुंदीची पातळी नळीने काढायची आणि लावणीच्या आधी सांडव्याला बारीक स्टीलची जाळी बसवायची.